आपल्यालाच

४ तारीख, मंगळवार

दादा,

तीर्थरूप वगैरे लिहीत नाही. ते लिहायला तुझ्या हाताखाली माणसं असतील.

तुझं पत्र मिळालं. बाबांचे डोळे गेल्यानंतरचं पहिलंच. त्यात डोळ्यांची चौकशीही आहे: ‘अजिबात दिसत नाही ना, की थोडं दिसतं? सोबत माणूस नेण्याची परवानगी त्यावर अवलंबून आहे.’

अजिबात दिसत नाही. परवानगी मिळेल. मुख्यालयाला आनंदाची बातमी कळव.

तुम्हाला हव्या असलेल्या फोटोचंही वाचलं. बाबा काठी टेकत मतदान केंद्राच्या पायऱ्या चढताहेत, कोपराला धरून मी, आणि खाली ओळ: ‘दृष्टी गेली, निष्ठा नाही.’ ही ओळ तूच लिहिली असणार. प्रचार विभागात तुला एवढ्यासाठीच ठेवलाय. दृष्टी कशी गेली ते ओळीत बसलं नसेल. जागा कमी पडते, मला कळतं.

उमेदवाराची ओळख मला करून द्यायची गरज नव्हती. त्याचा जबडा माझ्या फळीवर आहे. डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, दवाखान्यामागच्या खोलीत आम्ही तिघी त्यात प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, कवळी घासून चकचकीत करतो. दातांच्या रंगांची एक पट्टी असते. डॉक्टरांनी त्याला वयाला शोभेल असा किंचित पिवळट रंग सुचवला. त्याने पट्टीच्या टोकाचा पांढरा निवडला. तो आम्ही कुणाला देत नाही, कारण माणूस हसला की भांडं चमकल्यासारखं दिसतं. आता चौकाचौकात तो माझे दात दाखवत उभा आहे. मी त्याला बत्तिशी म्हणते. खरं म्हणजे पूर्ण कवळीत अठ्ठावीसच दात असतात. उरलेले चार त्याने कुठे खाल्ले ते तुमच्या समितीला विचार.

बाबांना नेईन की नाही ते ठरलेलं नाही. ठरलं तरी तुला आधी सांगेन असं नाही.

सही करत नाही. अक्षर ओळखशील.


९ तारीख, रविवार

दादा,

तुझ्या उत्तराआधी तुझी माणसं पोचली.

काल संध्याकाळी चिटणीस आला. वॉर्डातलं पक्ष कार्यालय तो चालवतो. रोज चार वाजता स्कूटरवरून बाबांना तिथे नेतो आणि दिवेलागणीला आणून सोडतो. तिथे जुनी माणसं पत्ते खेळतात. बाबांना पानं दिसत नाहीत, ते शेजाऱ्याला सल्ला देतात आणि हरल्यावर त्याला शिव्या देतात. घराबाहेरचं त्यांचं जग आता तेवढंच. चिटणीस हे उपकार कधी बोलून दाखवत नाही. स्कूटर मात्र आमच्या दाराला अगदी खेटून उभी करतो.

“ताई, दादांचा फोन होता. पुढच्या रविवारी, मतदानाला, सकाळी नऊ वाजता गाडी पाठवतो.”

“गाडी कशाला? केंद्र गल्लीच्या तोंडाशी आहे.”

“फोटोत बरी दिसते.”

“मग गाडीचाच काढा.”

तो हसला. अपमान त्याला कळतो. पक्षकार्य म्हणून गिळतो.

“आणि ताई, तुम्हाला अवघड वाटत असेल तर काकांबरोबर आत मी जातो. तुमचे विचार काय, ते सगळ्या गल्लीला पाठ आहेत. उगाच हात चुकायचा.”

“माझा हात दिवसभर लोकांच्या दातांवर चालतो. केसाएवढा चुकला तर माणसाला घास चावता येत नाही. चुकत नाही तो.”

“मुद्दाम चुकला तर?”

बाबा आतून ओरडले. त्यांना हळू बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. पक्षाने त्यांना दुसरं काही शिकवलं नाही. सबंध गाव त्यांना भोंगा म्हणत आलं आणि त्यांना ते बक्षीस वाटत आलं.

“मत माझं आहे! सोबत माझी मुलगी येईल!”

“काका, पण—”

“पण काय? कुठे मारायचा ते मी सांगणार. शिक्का ती मारणार. तिला त्यात काय मत असणार!”

चिटणीस खूश होऊन गेला. जाताना माझ्याकडे बघून दात काढले. स्वतःचे आहेत, वाकडे.

तो गेल्यावर मी बाबांना स्पष्ट सांगितलं, “त्या माणसाच्या नावावर मी शिक्का मारणार नाही.”

“मग चिटणीस मारेल. बघ बाई, तुला कसं पाहिजे ते.”

तेव्हा हे असं आहे. मी गेले तर माझ्या हाताने बत्तिशीला मत. नाही गेले तर बाबांना चिटणीस धरून नेणार.

तुला ठाऊक असलेली एक गोष्ट लिहिते, कारण तुझ्या पत्रात ती कुठे आढळली नाही. बाबांना काचबिंदू होता. सरकारी दवाखान्याच्या डोळ्यांच्या विभागात शस्त्रक्रिया ठरली होती. दवाखाना समितीचा अध्यक्ष बत्तिशी. त्याने तो विभाग बंद केला आणि यंत्रं आपल्या साडूच्या खाजगी दवाखान्याला चालवायला दिली. साडूने ती नव्या जागेत जोडेपर्यंत बाबांचा उजवा डोळा गेला. जोडून उद्घाटन होईपर्यंत डावा. उद्घाटनाला बाबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. मधल्या काळात मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, ‘मी आत्ता समितीविरुद्ध बोललो तर चुकीचा संदेश जाईल.’

संदेश गेला नाही. डोळे गेले.

बाबा तेव्हाही म्हणाले, आपल्याच लोकांकडे काय रडायचं. त्यानंतर या घरात तो विषय निघालेला नाही. मी तीन वेळच्या जेवणाबरोबर त्यांच्या निष्ठेलाही वाढते आहे. खाणं चांगलं आहे दोघांचंही.


१४ तारीख, शुक्रवार

दादा,

तुझं पत्र आलं. ‘राजकीय मतभेद घराबाहेर ठेवू, बाबांच्या शेवटच्या इच्छेचा मान राख.’ शेवटची कशी? माणूस अजून तिखट नाही म्हणून ताट सरकवतो. तुमच्याकडे जिवंत माणसाची शेवटची इच्छा आधीच छापून ठेवतात का?

काल नर्सबाई येऊन गेली. डोळ्यांच्या विभागात होती ती. विभागाबरोबर तिची नोकरीही गेली. आता अपक्ष उभी आहे. खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला, बरोबर कुणी नाही. तुझ्या मुख्यालयाने तिचं नाव ऐकलंही नसेल.

“काका, ओळखलंत?”

“आवाज नाही विसरत मी. थेंब टाकताना ‘वर बघा, वर बघा’ करून डोकं खायचीस.”

“आता खाली बघून मत मागायला आलेय.”

मला हसू आलं. बाबांना आलं नाही. दार उघडं होतं आणि समोरच्या बाकावर चिटणीसाची दोन माणसं शेंगा खात बसली होती. बाबांनी मान त्या बाजूला वळवली. डोळे गेल्यापासून त्यांना माणसं वासाने कळतात.

“आमचं मत ठरलेलं आहे!” ते असं ओरडले की बाकावरून “वा काका!” आलं.

नर्सबाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “ठरलेलं असू द्या. थेंब टाकता ना अजून? दिसण्यासाठी नाही, ठणका थांबावा म्हणून.”

बाबांनी हातानेच ‘जा’ केलं. तिने पत्रक ठेवलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेली. गेल्यावर बाबा मला म्हणाले, “दार लावून घे.”

मी लावलं नाही. म्हटलं, आता कशाला? बोलायचं ते बोलून झालं, सगळ्यांनी ऐकलं, शाबासकी मिळाली. लाज वाटत असेल तर उजेडात वाटू दे. ते काहीतरी पुटपुटले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी दात घासायला कामावर निघून गेले. लोकांचे.

नवीन काय आहे त्यात? तुला प्रचाराचा टेम्पो आठवत असेल. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी, आपण दोघं मागे पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. ‘पाणी येणार! दारोदारी नळ येणार!’ मग माइकवर तळहात घट्ट दाबायचे, मागे वळायचे आणि आपल्याला सांगायचे, “काही येत नाही. गेल्या खेपेलाही हेच नळ येणार होते.” आपण गठ्ठ्यांवर लोळून हसायचो. हात निघाला की पुन्हा, ‘येणार, येणार!’ त्या टेम्पोत तू घोषणा लिहायला शिकलास. मला त्या हाताची शिसारी आली. खरं ते तळहाताखाली आणि खोटं सगळ्या गावाला, असा हिशेब करणाऱ्या माणसाच्या पोटी आपण जन्मलो.

आता म्हणशील, ही आम्हालाच बोलते. तर आमच्या विचारवंतांचंही ऐक. डॉक्टरांनी सगळे जाहीरनामे आणून लाल-निळ्या पेनांनी खुणा केल्या. रोज दुपारी डबा खाताना आम्हा तिघींना समजावलं की मतदाराने कुणाच्या मागे मेंढरासारखं जाऊ नये, मुद्दे तपासावेत. मी विचारलं, मग कुणाला देणार? म्हणाले, “रविवारला जोडून सुट्टी आलीय, आम्ही सासुरवाडीला चाललोय.” त्यांचा विचार इतका स्वतंत्र आहे की केंद्रापर्यंतसुद्धा जात नाही.

मी जाणार आहे. बाबांना घेऊन. चिटणीसाचा हात त्यांच्या कोपराला लागलेला मला चालणार नाही. याहून जास्त अर्थ काढू नकोस.


१७ तारीख, सोमवार

दादा,

फोटो तुला मिळालाच असेल. गाडी छान आली असेल.

बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दाढी मी करून दिली. रांगेत लोकांनी आम्हाला पुढे जाऊ दिलं. “या भोंगाशेठ,” कुणीतरी म्हणालं. बाबा आवाजांना नमस्कार करत चालले.

आत टेबलाशी बसलेल्या अधिकारी बाईंनी मला एक कागद वाचून दाखवला. मतदार सांगेल तसंच मत देईन आणि ते कुणाला सांगणार नाही. मी सही केली. शेजारी पक्षाचा प्रतिनिधी म्हणून चिटणीस बसला होता, आयुष्यात कधी न पाहिल्यासारखा.

पुठ्ठ्याचा आडोसा, मागे हलणारं टेबल, शाईची गादी, लाकडी मुठीचा जाड शिक्का. मी बाबांच्या कानाशी हळू नावं वाचली. सगळ्यांत वर बत्तिशी, सगळ्यांत खाली नर्सबाई. वाचून होताच ते ओरडले,

“आपल्यालाच!”

सगळी खोली हसली. अधिकारी बाई म्हणाल्या, “आजोबा, हळू. मत गुप्त असतं.”

“माझं कधीच नव्हतं, बाई!”

पुन्हा हसू. चिटणीसाचं सगळ्यांत मोठं. मी शिक्का उभा धरून थांबले होते. बाबांनी चाचपडत माझा हात शोधला आणि माझ्या मुठीवर, वरून, तळहात दाबून धरला. तोंड माझ्याकडे वळवलं. एक अक्षर बोलले नाहीत. नुसता दाबून धरला.

एवढा अविश्वास. मी हात मुद्दाम चुकवीन म्हणून बापाने मुलीची मूठ धरून ठेवावी. मी त्यांचा हात झटकला. शिक्का मारला, मतपत्रिकेची घडी घातली, ती पेटीत टाकली. बाहेर आल्यावर चिटणीसाच्या माणसाने त्यांना पेढा दिला. मला दिला तो मी गाडीच्या टपावर ठेवून आले.

शिक्का कुठे, ते विचारू नकोस. सही केलेली आहे.


२३ तारीख, रविवार

दादा,

तुझी दोन पत्रं एकाच दिवशी आली. पहिल्यात आभार. दुसऱ्यात, ‘चिटणीस म्हणतो, बाहेर येताना तुझा चेहरा बरा नव्हता. घरातलं मत फुटलं का? वर विचारलं तर मला उत्तर देता आलं पाहिजे.’

बत्तिशी निवडून आला. भरघोस. काल त्याची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली आणि त्याने आमच्या दाराकडे बघून माझे सगळे दात मला दाखवले. नर्सबाईची अनामत वाचली, एवढंच. म्हणजे एका मताने इकडचं तिकडे काही झालं नसतं. तरी तुला ते एक मत पाहिजे. घे. सही मोडून सांगते.

मी शिक्का बत्तिशीवर मारला.

घाबरून नाही. बाबांचा मान राखायचा म्हणूनही नाही. रागाने मारला. म्हटलं, तुम्हाला तुमचा धनी हवा ना, घ्या. माझ्या मुठीवर पहारा ठेवता काय, पुढे या, हा घ्या तुमचा बत्तिशी. त्या आडोशामागे मी तुम्हा सगळ्यांपेक्षा इतकी उंच झाले होते की खालचं काही ऐकू येत नव्हतं.

आता पुढचं वाच. वर कळवू नकोस.

मिरवणूक गेल्यावर मी बाबांना थेंब घालायला बसले. ते म्हणाले, “दार लावून घे.”

या वेळी लावलं.

“खिडकी?”

“लावली.”

“आला ना बत्तिशी?” माझा शब्द त्यांनी कधी उचलला कोण जाणे.

“आला.”

“येणारच. आपण आपलं केलं.” मग माझ्या कानाशी आले. दादा, बाबा कुजबुजले. मला माहीतच नव्हतं त्यांना ते येतं. “खालच्या नावावरच मारलास ना? नर्सबाईच्या?”

माझ्या हातातला थेंब त्यांच्या गालावर पडला.

“तुम्ही तर म्हणालात, आपल्यालाच.”

“मग? पक्षाचं नाव घेतलं मी? माझ्या डोळ्यांत औषध कोण घालत होतं, त्याचा साडू? आपलं कोण ते तुला सांगायला पाहिजे होय?”

“सगळ्यांना वाटलं—”

“वाटायलाच पाहिजे होतं! चिटणीस पुढ्यात बसलेला. उद्या मला पत्त्यांना कोण नेईल, तू? तू दिवसभर कवळ्या घासतेस.” ते हसले. “म्हणून तर वर हात ठेवला. मुठीवर. माइकवर ठेवायचो तसा. म्हटलं, पोरगी लहानपणापासून बघतेय, हात ठेवला की भोंगा बंद, आता खरं. ओळखलंस ना?”

मी बाटलीचं झाकण लावत होते.

“ओळखलंस ना गं?”

“ओळखलं.”

“दिलंस ना?”

“दिलं,” मी म्हटलं.

त्यांनी माझा हात घेतला आणि नुसता थोपटत राहिले. “कसला मारलास शिक्का! टेबल हललं. मी म्हटलं, हिच्या मनात किती दिवसांचं साठलं होतं. माझंच साठलं होतं गं. जन्मभर ओरडून मत दिलं, एकदाच गप्प बसून दिलं.”

आज चार वाजता चिटणीस आला. बाबा त्याच्यामागे स्कूटरवर बसले ते राजासारखे. जाताना माझ्या दिशेने डोळा मारला. आंधळ्या माणसाने डोळा मारलेला तू पाहिला नसशील. तिथे ते त्यांच्याच घोळक्यात बसून त्यांचेच पेढे खातात आणि मनात म्हणतात, तुम्हाला कुणाला ठाऊक नाही.

ठाऊक कुणालाच नाही. मला आहे आणि आता तुला.

तुला सांगायचं कारण आहे. प्रेम नाही ते. आज सकाळपासून त्यांनी मला तीन-चारदा विचारलं. “नक्की खालचंच ना? घाईत नाव चुकलं नाही ना?” मी फार पटकन हो म्हणते, आणि त्यांचे कान तुला माहीत आहेत. दुपारी जेवताना घास हातात धरून म्हणाले, “दादाला कळलं तर काय चिडेल, नाही?” मी म्हटलं, चिडेल. “फार चिडेल,” ते म्हणाले, आणि वाट बघत असल्यासारखे दाराकडे तोंड करून बसले.

माझ्या ‘दिलं’वर त्यांचा किती दिवस विश्वास राहील सांगता येत नाही. तुझ्या रागावर राहील. तू जन्मात पक्षाविरुद्ध एक शब्द बोलला नाहीस. तू संतापलास म्हणजे मत खरंच फुटलं, हे जगात कुणालाही पटेल.

तेव्हा ये. गाडी, फोटोवाला, कुणी नको. चिटणीसाला कळवू नकोस. आत ये, चप्पल काढायच्या आधी सुरू कर. म्हण, घरातलं मत फुटलं, तुम्ही दोघांनी माझं नाक कापलं, मी वर काय तोंड दाखवू. ओळी तुला सुचतात. त्यांना लागेल असं बोल, हातचं राखू नकोस. ते उलट ओरडतील. ओरडू देत.

मुख्यालयात मात्र सांगावं लागेल की घरी सगळं ठीक आहे. ते खरंच आहे, आणि तरी तुला खोटं बोलल्यासारखं वाटेल. एवढं जमेल का, मला शंका आहे. तुझ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण हे काम दुसऱ्या कुणाला येणार नाही.

तू फक्त ओरड. दार मी लावून घेईन.